अश्वशीर्ष : डोळ्यांना न दिसणाऱ्या तेजोमेघाचे छायाचित्रण

(द्वितीय वर्ष, कला)

आकाशातील कोणतीही वस्तू दुर्बिणीतून पाहिली म्हणजे दिसते आणि दुर्बीण जितकी मोठी तितकी ती अधिक स्पष्ट दिसते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. चंद्रावरील विवरे, शनीची कडी, गुरूचे चार मोठे चंद्र यांच्या बाबतीत तो खराही आहे. परंतु आकाशात अशाही काही वस्तू आहेत, की ज्यांची पहिली ओळख माणसाला डोळ्यांनी झालेली नाही. ती छायाचित्राने करून दिली. मृग नक्षत्रातील 'अश्वशीर्ष' हा तेजोमेघ त्यांपैकीच एक होय. मोठ्या दुर्बिणीला डोळा लावूनही तो मुश्किलीने जाणवतो. आणि परसात उभी केलेली सहा इंची दुर्बीण काही तास धीराने चालविली, तर कॅमेऱ्यात मात्र तो उमटतो.

हा तेजोमेघ म्हणजे काय, तो कोणी व कसा शोधला, आणि हौशी माणसाला त्याचे छायाचित्र घेताना काय काय करावे लागते, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. विज्ञान शाखेचा विषय कला शाखेच्या विद्यार्थिनीने का घ्यावा, असे कोणी विचारील. परंतु 'जे डोळ्यांनी पाहिले नाही, ते होते असे कशावरून म्हणावे?' हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकापुढे रोजच असतो. अश्वशीर्षाच्या निमित्ताने तोच प्रश्न आकाशात भेटला, इतकेच.

कोठे आहे व काय आहे

जानेवारीच्या शेवटी रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास मृग नक्षत्र आकाशात सर्वांत उंच असते. त्याच्या मधोमध एका रेषेत तीन तारे दिसतात. पुराणकथेप्रमाणे हा व्याधाने मृगाला मारलेला बाण. आमच्या माणदेशात त्याला 'तिकांडं' म्हणतात. घरोघरी घड्याळे नव्हती तेव्हा शाळूला पाणी देणारा शेतकरी किती रात्र उलटली हे त्यावरूनच ओळखीत असे. 'मृग लागला' असे आपण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात म्हणतो, त्या वेळी सूर्य या नक्षत्रात असतो, म्हणून पेरणीच्या दिवसांत मृगाचे तारे दिसत नाहीत. ते पाहावयाचे तर थंडीतच.

या तिघांपैकी पूर्वेकडचा तारा म्हणजे अल्निटाक. त्याच्या दक्षिणेस सुमारे अर्ध्या अंशावर, म्हणजे पूर्ण चंद्राच्या व्यासाएवढ्या अंतरावर, अश्वशीर्षाचे स्थान आहे. त्याची लांबी सुमारे ८ कला व रुंदी ६ कला. एका अंशाच्या ६० कला होतात आणि चंद्रबिंब सुमारे ३० कलांचे दिसते. तेव्हा हे घोड्याचे डोके चंद्राच्या व्यासाच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढे आहे. पृथ्वीपासून त्याचे अंतर सुमारे १,३०० ते १,५०० प्रकाशवर्षे आहे. त्या भागातून आज आपल्याकडे पोहोचणारा उजेड निघाला, तेव्हा दक्षिणेत साधारणपणे बदामीच्या चालुक्यांचा काळ चालू होता.

खरे म्हणजे अश्वशीर्ष हा स्वतः उजळणारा तेजोमेघ नव्हेच. मागे 'आयसी ४३४' नावाचा हायड्रोजन वायूचा विस्तीर्ण पडदा आहे. जवळच्या सिग्मा ओरायनिस या ताऱ्याच्या अतिनील किरणांनी तो वायू तांबडा उजळतो. या पडद्याच्या पुढे थंड वायूचा व धुळीचा एक दाट ढग उभा आहे. तो मागचा उजेड अडवितो, म्हणून आपल्याला त्याची काळी आकृती दिसते. भिंतीवर दिवा पडलेला असताना मध्ये कोणी उभे राहावे, तसाच हा प्रकार. म्हणून अश्वशीर्षाचे छायाचित्र घेणे याचा अर्थ मागच्या अंधुक पडद्याचे छायाचित्र घेणे. पडदा उमटला तर घोडा उमटतो.

तो कोणी शोधला

आकाशाच्या छायाचित्रणाला तेव्हा फार वर्षे झालेली नव्हती. अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी १८८० साली मृगातील महातेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन या हौशी माणसाने ईलिंग येथे आपल्या घराच्या बागेत ३६ इंची आरशाची दुर्बीण उभारून १८८३ साली त्याच तेजोमेघाचे छायाचित्र काढले. डोळ्याला न दिसलेले तारे त्यात उमटले होते. परसातून मोठे काम होऊ शकते, याचा हा जुना दाखला म्हणावा लागेल.

६ फेब्रुवारी १८८८ रोजी हार्वर्ड वेधशाळेत विल्यम पिकरिंग यांनी मृगाच्या या भागाचे छायाचित्र काचेवर घेतले. त्या काळच्या काचा तांबड्या उजेडाला जवळजवळ आंधळ्या, निळ्या उजेडाला संवेदनशील होत्या. तरीही त्या काचेवर एक फिकट पट्टा आणि त्याच्या कडेला अर्धवर्तुळाकार खाच आली होती. ती खाच ज्यांच्या नजरेस पडली, त्यांचे नाव विल्यमिना फ्लेमिंग.

फ्लेमिंगबाईंची हकिकत सांगण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १८५७ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे झाला. त्या पतीबरोबर अमेरिकेत आल्या, आणि मूल पोटात असताना पतीने त्यांना सोडून दिले. पोटासाठी त्या वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण म्हणून राहिल्या. पिकरिंग यांनी त्यांना वेधशाळेत नकलनिशी व आकडेमोडीच्या कामावर घेतले. १८८१ पासून त्या तेथे कायम झाल्या. त्यांच्या श्रमांवर उभी राहिलेली दहा हजारांहून अधिक ताऱ्यांची वर्णपटसूची १८९० साली प्रसिद्ध झाली. १८९९ साली त्यांना खगोलीय छायाचित्रांच्या संग्रहाचे प्रमुखपद मिळाले. मात्र १८९५ साली ड्रायर यांची तेजोमेघांची पुरवणी सूची निघाली, तेव्हा हार्वर्डच्या शोधांपुढे एकच नाव छापले गेले : पिकरिंग. फ्लेमिंग यांचे नाव त्यातून गळाले. १९०८ च्या पुढील सूचीत त्यांच्या नंतरच्या शोधांचे श्रेय त्यांना मिळाले, पण आयसी ४३४ आणि त्यातील खाच यांची नोंद तशीच राहिली. आज मात्र हा शोध त्यांचाच मानला जातो.

या काळ्या आकृतीला क्रमांक मिळाला तो एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांच्यामुळे. हेही १८५७ चेच. अमेरिकेतील नॅशव्हिल गावी अत्यंत गरिबीत त्यांचा जन्म झाला. वडील जन्मापूर्वीच वारले होते. शाळा जवळजवळ नाहीच. वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास ते एका फोटो स्टुडिओत कामाला लागले. तेथे छायाचित्रे मोठी करण्याचे एक अवजड यंत्र सूर्यप्रकाशावर चालत असे, आणि सूर्य सरकेल तसे ते यंत्र हाताने फिरवीत राहणे हे या मुलाचे काम होते. पुढे जगातील नामांकित दुर्बिणींवर रात्र रात्र तारा धरून बसण्याची जी विद्या बर्नार्ड यांना साधली, तिचा ओनामा असा झाला. आकाशातील काळे डाग ही निव्वळ रिकामी भगदाडे आहेत की उजेड अडविणारे ढग, हा वाद तेव्हा चालू होता. बर्नार्ड यांनी १९१९ साली अशा १८२ काळ्या आकृत्यांची सूची प्रसिद्ध केली. तीत अश्वशीर्षाचा क्रमांक ३३ आहे. म्हणून त्याला 'बर्नार्ड ३३' असेही म्हणतात. १९३० साली ट्रम्पलर यांनी ताऱ्यांमधील धूळ उजेड शोषते हे सिद्ध केले आणि तो वाद मिटला.

ज्या १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, त्याच साली ही दोन माणसे जन्मली, आणि दोघांनाही कोणत्याही विद्यापीठाचे दार सरळ उघडले नाही, ही गोष्ट मला विशेष वाटते. आपल्याकडेही त्या काळात हे शास्त्र अगदीच अनोळखी नव्हते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली होती. तेथे २० इंची परावर्ती दुर्बीण होती, आणि मृगातील महातेजोमेघाच्या वर्णपटाचाही त्यांनी अभ्यास केला. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद झाली व तिची उपकरणे कोडाईकनालला गेली.

डोळा का हरतो

डोळ्याच्या हरण्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे डोळा उजेड साठवीत नाही. सेकंदाच्या लहानशा अंशात आलेला उजेड तो मेंदूकडे पाठवितो व पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. तासभर टक लावून पाहिले, तरी शेवटच्या क्षणी दिसते ते पहिल्या क्षणाएवढेच. दुसरे म्हणजे या पडद्याचा मुख्य उजेड ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा, गडद तांबडा असतो. अंधारात आपण डोळ्यांतील ज्या पेशींनी पाहतो, त्यांना हा रंग जवळजवळ जाणवतच नाही.

कॅमेरा मात्र साठवितो. आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरीचा पाझर इतका बारीक असतो, की उभे राहून पाहिले तर पाणी येते आहे असे वाटत नाही. पण रात्रभर विहीर तशीच ठेवली, की सकाळी परोहन भरेल एवढे पाणी साचलेले असते. छायाचित्रणाचे तत्त्व हेच. उजेडाचा पाझर आहे. विहीर मात्र हलता कामा नये.

प्रत्यक्ष काम

जानेवारी २०२५ मध्ये अमावास्येच्या आसपासच्या तीन रात्री आम्ही हे काम केले. भूगोलाच्या सरांची स्वतःची सहा इंची, ७५० मिलिमीटर नाभ्यंतराची न्यूटनी दुर्बीण आहे. गावात रस्त्यांचे दिवे असल्यामुळे ती आमच्या वस्तीवर आणली, आणि घरामागील परसात मांडली. यंत्राला लागणारी वीज ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीतून घेतली. कॅमेरा जुना डिजिटल होता. साध्या कॅमेऱ्यात संवेदकापुढे एक काच असते, ती गडद तांबडा उजेड बव्हंशी अडविते. माणसांच्या छायाचित्रांना ते बरे, अश्वशीर्षाला मारक. या कॅमेऱ्यातील ती काच जाणकाराकडून काढून घेतलेली होती.

पहिली पायरी म्हणजे दुर्बिणीची बैठक पृथ्वीच्या अक्षाशी समांतर लावणे. पृथ्वी फिरते म्हणून आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते. (कलेचा साठावा भाग म्हणजे विकला.) आमच्या कॅमेऱ्याचा एक ठिपका सुमारे १.२ विकलांचा होता. म्हणजे दुर्बीण स्थिर ठेवली तर सेकंदाच्या बाराव्या हिश्श्यात तारा एक ठिपका ओलांडतो, आणि तीन मिनिटांत दीड चंद्राएवढा सरकतो. म्हणून बैठकीचा अक्ष ध्रुवाकडे रोखून यंत्राने तितक्याच वेगाने उलट फिरवावे लागते. माणदेशातून ध्रुवतारा क्षितिजापासून साडेसतरा-अठरा अंशच वर असतो; लिंबाचे एखादे झाड आडवे आले तरी तो दिसत नाही. शिवाय तो नेमका ध्रुवावर नसून त्यापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे. तो फरकही धरावा लागतो. आमचा एक फायदा मात्र मोठा. अश्वशीर्ष खगोलीय विषुववृत्ताच्या अगदी जवळ, अडीच अंश दक्षिणेला आहे. कॉमन यांच्या बागेतून तो भाग क्षितिजापासून सुमारे छत्तीस अंशांपर्यंतच चढे. आमच्या परसातून तो सत्तर अंशांपर्यंत चढतो. जितके उंच, तितकी मधली हवा कमी.

दुसरी पायरी म्हणजे मार्गदर्शन. यंत्र कितीही चांगले असले तरी त्याच्या दातऱ्यांत सूक्ष्म दोष असतात. म्हणून मोठ्या दुर्बिणीवर एक लहान दुर्बीण व लहान कॅमेरा बसवितात. तो एक तारा धरून ठेवतो आणि तारा जरा सरकला की संगणक मोटरला तसे कळवितो. बर्नार्ड जे काम डोळा व हात वापरून तासन् तास करीत, ते आता यंत्र करते. आमचे काम वारा आला तर पाहणे, काचेवर दव धरते का पाहणे, आणि मृग मध्यान्हवृत्त ओलांडू लागला की दुर्बीण दुसऱ्या बाजूस उलटवून अश्वशीर्ष पुन्हा चौकटीत आणणे, एवढे राहिले.

तिसरी पायरी म्हणजे प्रत्यक्ष टिपणे. एकच पाच तासांचे छायाचित्र घेण्याऐवजी तीन-तीन मिनिटांची अनेक छायाचित्रे घेतात. वाऱ्याचा झोत आला, उपग्रह आडवा गेला, तर तेवढेच बाद करता येते. तीन रात्रींत १३० छायाचित्रे घेतली. वाऱ्याने हललेली ३० काढून टाकली. उरली १००, म्हणजे पाच तासांचा उजेड. याखेरीज दुर्बिणीला टोपण लावून तितक्याच वेळाची वीस 'काळी' छायाचित्रे घेतली. संवेदकाच्या उष्णतेने जे खोटे ठिपके येतात, ते यांत नेमके सापडतात व वजा करता येतात. संध्याकाळच्या एकसारख्या आकाशाकडे दुर्बीण रोखून व तिच्या तोंडावर पांढरे कापड ताणून काही 'सपाट' छायाचित्रेही घेतली. काचेवरील धूळ व कडांचा काळोख त्यांवरून दुरुस्त होतो.

मग बेरीज. जत्रेच्या गलक्यात लांबून कोणी एक शब्द हाका मारून सांगत असेल, तर एकदा ऐकून तो कळत नाही. तोच शब्द शंभर वेळा आला, तर शब्द प्रत्येक वेळी तोच राहतो, गलका मात्र दर वेळी निराळा असतो. छायाचित्रे एकावर एक रचली की असेच होते. खरा उजेड संख्येच्या प्रमाणात वाढतो, आणि गलका संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. चार छायाचित्रांनी स्पष्टता दुप्पट होते, शंभरांनी दसपट. हिशेब कडक आहे : आमच्या चित्राहून दुप्पट चांगले चित्र हवे, तर पाचाऐवजी वीस तास बसले पाहिजे. एका छायाचित्रात आमच्याकडे घोडा नव्हता. अल्निटाकचा झगझगाट आणि करडी चौकट, एवढेच होते. शंभरांची बेरीज झाल्यावर तांबूस पडदा आला आणि त्यावर सुमारे चारशे ठिपक्यांएवढी, ओळखू येणारी मान आली.

हे खरे कशावरून?

छायाचित्र पाहून आमच्या दादांनी विचारले, "ह्ये तू सोताच्या डोळ्यानं बघिटलंस व्हय?" मी "नाही" म्हटले. त्यावर ते म्हणाले, "मग हाय कशावरनं?" दादांची शाळा चौथीत सुटली, पण प्रश्न पदवीधराला शोभेल असा आहे, आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देणे बरे नव्हे.

उत्तर असे. संगणकात चित्र उजळविताना त्याचा अंधुक भाग ताणावा लागतो. पण तो नियम सबंध चित्राला सारखाच लावावयाचा. घोड्यापुरता वेगळा नियम लावला, किंवा कोठे रंग भरला, तर ते चित्र झाले, पुरावा राहिला नाही. दुसरे असे, की शंभर छायाचित्रांचे सम व विषम क्रमांकांचे दोन गट करून आम्ही दोहोंची बेरीज स्वतंत्रपणे केली. गलका असता तर दोन्हींत निरनिराळा आला असता. मान दोन्हींत त्याच जागी, त्याच बाकाची आली. तिसरे म्हणजे, ही जागा फ्लेमिंगबाईंनी १८८८ च्या काचेवरून नोंदली तीच आहे. काच, देश, दुर्बीण, माणसे सगळी बदलली. खाच बदलली नाही. युक्लिड या अवकाश दुर्बिणीने २०२३ साली आणि जेम्स वेबने २०२४ साली याच जागेची जी चित्रे प्रसिद्ध केली, ती आमच्या चित्राहून कितीतरी सरस आहेत. पण घोडा तोच आहे.

इतिहासात याला जोड आहे. झिजलेला शिलालेख नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही, तेव्हा त्यावर ओला कागद ठोकून शाईचा ठसा घेतात. अक्षरे ठशावर दिसतात, दगडावर दिसत नाहीत. म्हणून ती खोटी ठरत नाहीत. ठसा कसा घेतला हे सांगितले, आणि दुसऱ्या माणसाने घेतलेल्या ठशातही तीच अक्षरे आली, म्हणजे पुरावा उभा राहतो. दादांना मी हे सांगितले. त्यांनी दोन्ही गटांची चित्रे शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली आणि "आसंल तर मग" म्हणाले. ठामपणे 'आहे' असे ते म्हणाले नाहीत, याचेही मला बरे वाटले; पुरावा पाहून माणसाने तेवढेच म्हणावे.

समारोप

अश्वशीर्षाला पाहणारा पहिला डोळा आकाशाकडे लागलेला नव्हता. तो काचेवर वाकलेला होता. काच टिपणारा एक, वाचणारी दुसरी, क्रमांक देणारा तिसरा. अशा कामात कोणाचे नाव राहते आणि कोणाचे गळते, हे नोंद करणाऱ्याच्या हाती असते. एका मोलकरणीने हे जगाला दाखविले आणि सूचीने तिचे नाव गाळले, ही गोष्ट वाचल्यापासून नोंद नीट ठेवणे हा मला शास्त्राचाच एक भाग वाटू लागला आहे.

म्हणून आमच्या चित्राच्या पाठीमागे आम्ही सगळे लिहून ठेवले आहे : तारखा, दुर्बिणीचे माप, छायाचित्रांची संख्या, बाद केलेली किती व का, बेरीज कशी केली. त्याखाली नावेही आहेत : दुर्बीण लावणारे सर, रात्री आळीपाळीने जागलेल्या आम्ही तिघी मैत्रिणी, बॅटरी देणारे चुलते, आणि तिन्ही रात्री परसातला दिवा न लावता अंधारात चूल पेटवून चहा देणारी आई. पुढच्या हिवाळ्यात वीस तासांचा उजेड साठविण्याचा विचार आहे. ज्यांना थंडी आणि आकडेमोड दोन्ही सोसतील, त्यांनी अवश्य यावे. शाखा कोणतीही चालेल.